व्यंकटकाकांची भिंगरी

लग्न उरकलं, व्हिडिओ पोचता केला, की मेमरी कार्ड रिकामं करून पुढच्या लग्नाला न्यायचं, हा आमच्या धंद्याचा नियम. किस्से मात्र असे पुसता येत नाहीत. ते एकावर एक साचत जातात आणि टपरीवर कुणी नुसतं "काय गजूभाऊ, काय म्हणतंय ड्रोन?" एवढं विचारलं की सगळे एकदम बाहेर पडायला धडपडतात!

आमचा नांदेडचा स्टुडिओ म्हणजे आम्ही तीन माणसं. मालक व्यंकटकाका रोलच्या जमान्यापासून फोटो काढतात आणि आजही 'स्माईल' न म्हणता "दात दाखवा" म्हणतात. दुसरे रफीकभाई, व्हिडिओवाले. कॅमेरा पेलून पेलून त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आलाय. तिसरा मी, ड्रोन उडवणारा.

काकांचा ड्रोनला पहिल्यापासून विरोध. "फोटो माणसाच्या तोंडाचा काढायचा असतो, टकलाचा न्हाई!" पण गिऱ्हाईक दुकानात पाय ठेवतानाच "ड्रोन हाय का?" विचारायला लागलं, तेव्हा नाइलाजानं त्यांनी एक आणला. त्याचं नाव ठेवलं भिंगरी.

आणल्या दिवशी काकांनी भिंगरीची पूजा केली. नारळ फोडला, चारही पंखांना हळद-कुंकू लावलं आणि 'हिचा डोळा कुठंय' म्हणून लेन्सलाही एक बोट लावलं. हे शेवटचं मी पाहिलंच नाही!

पहिल्याच लग्नाचं वरून घेतलेलं सगळं शूटिंग लालसर आलं. मी घाबरत घाबरत नवरीच्या वडिलांना दाखवलं. ते स्क्रीनकडे बघतच राहिले. "वा! सगळ्या मांडवावर कुंकू सांडल्यावानी दिसून राहिलं. हा कोणता इफेक्ट म्हनायचा?"

काका शांतपणे म्हणाले, "पेशल हाय आमचा. सगळ्यांला देत न्हाई!"

* * *

ड्रोनवाल्याचा खरा शत्रू वारा नव्हे, घार नव्हे. माईक!

नांदेडमधल्याच एका मंगल कार्यालयात, उघड्या लॉनवर लग्न होतं. अक्षतांचा शॉट वरून घ्यायचा ठरलं. काकांना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी गुरुजींच्या हातातला माईक घेतला आणि जाहीर केलं, "पाव्हणे मंडळी, आता वर ड्रोन येनार हाय. कुनीबी वर बघायचं न्हाई!"

झालं. हजारभर माणसं माना वर करून उभी. नवरदेव वर, नवरी वर, गुरुजींची मंगलाष्टकं चालू पण डोळे वर. 'सावधान' झालं आणि त्या हजार माणसांनी मुठीतल्या अक्षता जिकडं बघत होती तिकडंच फेकल्या.

मी भिंगरी कशीबशी वर खेचली. खाली नवरा-नवरीच्या अंगावर तांदळाचा दाणा नाही!

रफीकभाईंनी खांद्यावरचा कॅमेरा खाली घेतला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "मुबारक हो गजूमियाँ. तुम्हारे ड्रोन की शादी हो गई."

गुरुजींना शेवटचं मंगलाष्टक परत म्हणावं लागलं.

* * *

मुदखेडची वरात. नवरदेव घोडीवर, फेटा बांधलेला, पुढे बँड. नवरदेवाच्या मामांचा हट्ट, की ड्रोन अगदी तोंडाजवळ आणायचा. मी म्हटलं, "मामा, घोडी बुजंल." मामा म्हणाले, "आमची घोडी बँडला बुजत न्हाई, ह्या डासाला बुजती व्हय?"

मी डास खाली आणला. घोडीनं एकदा कान टवकारले आणि जी उधळली, ती नवरदेवासकट गल्लीच्या पार! बँडवाल्यांनी वाजवायचं थांबवलं. आता मांडवात काय सांगायचं, म्हणून मामांचा चेहरा पांढरा पडला.

मी पटकन ड्रोन उंच नेला आणि शोधायला लागलो. सगळी वरात माझ्या स्क्रीनवर वाकलेली. "डावीकडं घे!" "ते न्हाई, ती म्हैस हाय!" शेवटी सापडले. रेल्वे फाटक बंद होतं. मालगाडी चालली होती, आणि एक ट्रॅक्टर आणि एक जीप यांच्या मधोमध आमची घोडी नंबरात उभी! नवरदेवानं तिच्या मानेला मिठी मारलेली.

धडधाकट आहे का बघायला मी जरा खाली आलो. आवाज ऐकून त्यानं वर पाहिलं. मग एक हात हळूच सोडवला, फेटा सरळ केला, खिशातून गॉगल काढून डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा मिठी मारली.

तो शॉट आम्ही स्लो मोशनमध्ये टाकला. नवरीनं तो तीनदा बघितला आणि नवऱ्याला एवढंच विचारलं, "फाटक उघडं असतं तर?"

* * *

अर्धापूरचे नामदेवराव स्टुडिओत आले ते तणतणत. दोघा भावांची केळीची बाग, मधे एक बांध. धाकट्यानं बांध सरकवला, असं यांचं म्हणणं. त्या बांधापायी तीन वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. "वरून फोटू काढून द्या. सगळ्या गावाला दाखवतो!"

आम्ही गेलो. मी भिंगरी उडवली, नामदेवराव माझ्या खांद्यावरून स्क्रीन बघत उभे. बांधापलीकडं धाकटा भाऊ कमरेवर हात ठेवून वर बघत होता.

वरून सगळं स्वच्छ दिसलं. धाकट्याच्या केळीच्या रांगा दोरी धरल्यासारख्या सरळ. आणि नामदेवरावांची शेवटची रांग मधेच पोट सुटल्यासारखी धाकट्याच्या रानात शिरलेली!

नामदेवरावांनी बोटानं स्क्रीन पुसून पाहिली. मग म्हणाले, "लई उंच नेलं तुमी. जरा खालून घ्या."

खालून घेतलं. पोट आणखी मोठं दिसायला लागलं.

"ऊन लई हाय. सावली पडली असंल."

तेवढ्यात पलीकडून धाकट्यानं आवाज दिला, "काय दिसून राहिलं, दादा?"

तीन वर्षांतलं पहिलं वाक्य! नामदेवरावांनी घसा खाकरला. स्क्रीनवर हात ठेवला. आणि ओरडून म्हणाले, "केळी बरी आली रे तुझी औंदा!"

फोटो त्यांनी नेलेच नाहीत. पुढच्या हंगामात कळलं, त्यांनी ती रांग काढली. धाकट्याला सांगितलं, झाडांना कीड लागली होती!

* * *

लातूरजवळच्या एका शाळेचं स्नेहसंमेलन. मुख्याध्यापकांची कल्पना अशी, की मैदानावर मुलांना उभं करून 'विद्यामंदिर' ही अक्षरं करायची आणि वरून फोटो घ्यायचा. चुन्यानं आखून ठेवलेलं. पांढऱ्या शर्टातली मुलं एकेका रेषेवर उभी राहिली. फक्त 'मं'वरच्या अनुस्वाराला मूल उरलं नाही. सर म्हणाले, "हरकत नाही. अनुस्वार मी होतो!" आणि पांढरी सफारी घालून टिंबावर जाऊन उभे राहिले.

पण सरांना एका जागी राहवेना. 'द्या'मधली मुलं दंगा करायला लागली की टिंब तिकडे पळायचं. तिथून 'र'कडे. एका फोटोत तर अनुस्वार शाळेच्या नळावर पाणी पिताना आलाय!

शेवटी ते धापा टाकत माझ्याकडे आले. "दाखवा बरं कसं दिसतंय."

मी स्क्रीन पुढे केली. टिंब माझ्या शेजारी उभं, म्हणजे वर अनुस्वार नाही. आणि मुलांना बघायला आलेले पालक कुंपणाच्या बाजूला, 'र'ला अगदी लागून, सरळ रांगेत उभे. 'र'ला झाला काना! स्क्रीनवर ठळक अक्षरांत शाळेचं नाव दिसत होतं, विद्यामदिरा!

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग अतिशय दुःखी आवाजात म्हणाले, "मी जागेवर नसलो की शाळेचं असं होतं बघा."

* * *

निलंग्याकडं एका जोडप्याचं प्री-वेडिंग शूट होतं. पावसानं रानात पाणी साचलेलं, त्यात ढगांचं प्रतिबिंब छान पडतं, म्हणून तिथं गेलो. ड्रोन वर गेला आणि पंधरा मिनिटांत अख्खं गाव बांधावर! प्रत्येकाच्या हातात सातबाऱ्याची झेरॉक्स. त्यांना वाटलं, नुकसानीची पाहणी करायला सरकारी लोक आले.

एक आजोबा सरळ नवरीजवळ गेले. तिच्या डोळ्यांवर गॉगल, हातात छत्री. "बाई, नवीन तलाठी तुमीच का? आमच्या बी रानात या की."

ती गोंधळली. नवरदेव म्हणाला, "न्हाई आजोबा, सध्या त्या माझीच पाहणी करून राहिल्यात."

आजोबांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "मग लवकर उरका. आमचं पीक तरी हाय बघन्यासारखं!"

* * *

आणि हे किनवटचं.

जंगलाच्या कडेचं गाव, दुपारचं लग्न. नवरीचे वडील नव्हते, सगळं एकट्या आईनं उभं केलेलं. सुमनमावशी. सकाळपासून मी त्यांना बसलेलं पाहिलं नाही. मंडपवाल्याला झापत होत्या, पंगतीला वाढत होत्या, आम्हाला "जेवलात का रे?" विचारत होत्या. मुलीच्या पाठवणीला सगळा मांडव रडला. मावशी रडल्या नाहीत. मुलीला गाडीत बसवलं, "पदर आत घे, दारात अडकंल," म्हणाल्या आणि दार लावलं.

रफीकभाई हळूच म्हणाले, "क्या कलेजा है!"

गाडी निघाली. आमचा नेहमीचा शेवटचा शॉट, म्हणजे जाणारी गाडी वरून. भिंगरी गाडीच्या मागे लावली आणि मी मांडवामागच्या एका खडकावर उभा राहिलो. सागाची झाडं आणि मधून लाल रस्ता. तेवढा शॉट घेऊन मी परत फिरवणार, तर शेजारी सुमनमावशी. कधी आल्या कळलंच नाही.

"गाडी दिसती का ह्याच्यात?"

मी दाखवली.

"जाऊ दे अजून थोडं. वळणापोत्तर."

वळण आलं. गेलं. "नाल्यापोत्तर," मावशी म्हणाल्या. बॅटरीनं टूं टूं सुरू केलं. मागून काका डोळ्यांनी विचारत होते, काय करून राहिलास? मी मान हलवली. ते जवळ आले, स्क्रीनकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं, आणि मला म्हणाले, "जाऊ दे गज्या."

नाल्याच्या पुलाशी मावशी एकदम म्हणाल्या, "तिला सांग, मागच्या शीटवर डबा हाय. सकाळपासून उपाशी हाय ती."

"मावशी, ह्याच्यातून आवाज जात नाही."

"मग जवळ ने की!"

मी नेला. गाडीच्या पुढं, जरा बाजूला, खाली. गाडी थांबली. मागचं दार उघडलं आणि मुलगी उतरली. रडून रडून डोळे सुजलेले. ती वर बघत राहिली. मग आईचं म्हणणं कळल्यासारखी आत वाकली, डबा काढला, उघडला, आणि तिथंच पुलावर उभं राहून एक घास खाल्ला. कॅमेऱ्याकडं बघून. मग काहीतरी बोलली. तीन-चार शब्द. ओठ हललेले स्पष्ट दिसले, आवाज अर्थातच नाही.

मावशी हसल्या. हसता हसता मटकन खडकावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून अशा रडल्या, की बाया मांडवातून धावत आल्या.

परत येताना भिंगरी अर्ध्या वाटेवर एका धानाच्या खाचरात बसली. चिखलातून काढून आणली. काकांनी ती स्वतःच्या रुमालानं पुसली. नांदेडला आल्यावर रफीकभाईंनी तेवढा तुकडा मोठा करून दहा वेळा लावला. मीही बघितला. काकांनी तर भिंगच आणलं. ती काय बोलली, ते कुणालाच उमगलं नाही.

आठ दिवसांनी मावशी अल्बम न्यायला आल्या. मला राहवेना म्हणून विचारलंच, "मावशी, त्या दिवशी पुलावर ती काय म्हणाली हो?"

मावशींनी अल्बम पिशवीत घातला, पिशवीची गाठ मारली.

"ते तुमच्या कॅमेऱ्याला न्हाई म्हनली ती," त्या म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या.