उपरण्याखालचा आकडा

काष्टीच्या शनिवारच्या बैलबाजारात बन्सी दलालाचं तोंड एकसारखं चालायचं, पण कामाचं बोलायचं ते त्याची बोटं. उपरणं पसरायचं, त्याखाली विकणाऱ्याचा हात धरायचा, बोटं दाबून आकडा ठरवायचा. मग तेच घेणाऱ्याशी. एक कुठवर उतरायला तयार आहे आणि दुसरा कुठवर चढायला, हे एकट्या बन्सीला ठाऊक. वीस वर्षं झाली, पण आत ठरलेला आकडा त्याने बाहेर कधी काढला नाही. बायको राहीबाई दर शनिवारी भाकरी वाढताना विचारायची, "आवो, आज सौदा कितीला ठरला?" बन्सी म्हणायचा, "कालवन झ्याक झालंय."

एकाहत्तर साली कोकणातून एक हवालदार बदलून आला. माणूस प्रामाणिक, पण त्याने असला बाजार जन्मात पाहिला नव्हता. त्याला दिसलं ते असं: हा गडी बैल घेत नाही, विकत नाही, दिवसभर घुटमळतो, आणि अनोळखी माणसांच्या हातात हात घालून वर कापड टाकतो. गांजाच्या पुड्याच देत असणार! त्याने बन्सीचं बखोट धरलं. झडतीत निघाली तंबाखूची चंची आणि बैलाच्या गळ्यातलं एक घुंगरू. तरीही गांजा विकायच्या इराद्याने बाजारात घुटमळल्याचा खटला उभा राहिलाच.

बन्सीला तुरुंगाचं भय नव्हतं. शिक्षा झाली तर आपल्या उपरण्याखाली पुन्हा कुणी हात घालणार नाही, या विचाराने मात्र त्याची झोप उडाली.

बन्सीची बाजू लढवायला गिदोन वकील नगरहून सायकल एसटीच्या टपावर टाकून आले. बारीक अंगाचे, हसऱ्या तोंडाचे. म्हणाले, "बन्सीभाऊ, सोपं आहे. त्या दिवशी जामखेडच्या गहिनीनाथ व्यापाऱ्याशी काय आकडा झाला तेवढा कोर्टात सांगायचा. तोही तेच सांगेल. सुटलात."

"त्येवढं सोडून काय बी सांगतो."

"अहो, आत जाल!"

"जाईन की. पर आकडा न्हाई सांगनार."

गिदोन वकिलांनी कपाळाला हात लावला. असला आडमुठा अशील बघावा तरी कुठे!

तारखेला अख्खा बैलबाजार कोर्टात लोटला. हवालदाराने पाहिलं ते सरळ सांगितलं. मग गिदोन वकील उठले. "साहेब, आपण चिठ्ठीवर मनाला येईल तो आकडा लिहा. फक्त बन्सीला दाखवा. तो उपरण्याखाली गहिनीनाथला सांगेल. गहिनीनाथने तोच आकडा बोलून दाखवला, तर हा गांजा नव्हे, सौदा आहे."

मॅजिस्ट्रेटना गंमत वाटली. त्यांनी आकडा लिहिला. बन्सीला अक्षरं येत नसली तरी आकडे येत होते. त्याने चिठ्ठी पाहिली, उपरणं पसरलं, गहिनीनाथची बोटं दाबली.

"सांगा," वकील म्हणाले.

गहिनीनाथने मान हलवली. "त्ये न्हाई जमायचं. आतला आकडा तोंडावर आनायचा न्हाई, आमच्यात तशी रीतच हाय."

गिदोन वकील मटकन खाली बसले. एक अशील मुका, आता साक्षीदारही मुका! सरकारी वकील मिशीत हसले. बन्सीने डोळे मिटले. संपलं सगळं, असंच त्याला वाटलं, आणि तरी गहिनीनाथचा त्याला केवढा अभिमान वाटला!

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मॅजिस्ट्रेट स्वतः खाली उतरले आणि गहिनीनाथपुढे हात करून म्हणाले, "मला तरी सांगशील?"

"तुमास्नी सांगतो. एक बोट म्हंजी एक, सगळी मूठ म्हंजी पाच. आदी शेकडे, मंग दहाचे."

उपरणं पुन्हा पसरलं. साहेबांचा चेहरा आधी गंभीर, मग कोड्यात पडलेला, आणि मग लहान पोरासारखा उजळला. ते खुर्चीवर गेले, चिठ्ठी पाहिली, घडी करून खिशात घातली. "जुळला. आरोपी निर्दोष."

लेखनिकाने टाक उचलला. "साहेब, आकडा किती लिहू?"

"ते सांगता येणार नाही," साहेब म्हणाले.

कोर्टात एवढा हशा उठला की बाहेरचे बैल बिचकले. हवालदारही हसला. बन्सी मात्र उपरण्यात तोंड घालून ढसाढसा रडला, इतका आनंद त्याला आवरेना.

संध्याकाळी राहीबाईने भाकरी वाढली. "आवो, सायबाचा आकडा तरी किती हुता?"

बन्सीने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग ताट बाजूला सारलं, उपरणं पसरलं आणि म्हणाला, "राहे, हात आन."

पिठाचा हात तिने तसाच आत घातला. बन्सीने बोटं दाबली, आधी शेकडे, मग दहाचे. राहीबाई लाजली, हसली, आणि हात मात्र तिने लगेच काढून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी आडावर सगळ्या बायांनी तिला गराडा घातला. "राहीबाई, किती गं हुता आकडा?"

"कालवन झ्याक झालं हुतं," राहीबाई म्हणाली आणि घागर डोक्यावर घेतली.