काकूंचा फ्रिज आणि पौर्णिमेची भरती

मी परत आले तेव्हा सुलूकाकूंचा फ्रिज जिन्याच्या मधोमध होता. खालून चार काका ढकलत होते, वरून दोन मावश्या ओढत होत्या, आणि गुडघ्याला पट्टा बांधलेले जाधवकाका अंगणातून ओरडत होते, "आडवा करू नका! कॉम्प्रेसर जाईल!"

याच जाधवकाकांनी सकाळी माझ्याकडे तक्रार केली होती, की तुमच्या गाडीची पायरी फार उंच आहे.

मी टूर मॅनेजर आहे. उल्हासनगरला आमचं छोटं ऑफिस आहे. अंबरनाथ-बदलापूरकडचे ग्रुप कोकणच्या किनाऱ्यावर न्यायचे आणि धडधाकट परत आणायचे, हे माझं काम. या वेळी बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या एका सोसायटीची मंडळी होती. सोळा पॅक्स. पॅक्स म्हणजे माणसंच, पण आमच्या धंद्यात माणसाला माणूस म्हणत नाहीत. सगळे साठीच्या पुढचे.

निघायच्या आदल्या दिवशी शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, सुलूकाकूचा होमस्टे हातातून गेला, तर त्या गावात आपल्याला दुसरा घर नाही. समझे ना?"

"हो शेठ."

"मागची पार्टी आठवते ना?"

विसरणार कशी? मागच्या पार्टीने जीप वाळूत घातली होती. त्या किनाऱ्यावर समुद्री कासवं अंडी घालतात. घरट्यांपासून दहा पावलांवर जीप रुतली, आणि काढायला अर्धं गाव लागलं. काकूंनी मला तेव्हाच बजावलं होतं, "आणखी एकदा काही झालं, तर तुमच्याकडचं माणूस मी उंबऱ्याच्या आत घेणार नाही." काकू बोलतात तसं करतात. माझा वर्षाचा निम्मा धंदा त्या एका घरावर आहे.

म्हणून मी गाडीतच ब्रीफिंग दिलं. ब्रीफिंग म्हणजे प्रवाशांनी न ऐकायच्या सूचना. अकरा नियम होते. गाडी वाळूत न्यायची नाही. प्लास्टिक आपल्या पिशवीत परत. स्पीकर नाही. घरट्यांच्या जाळीजवळ जायचं नाही. घरात वाळू नको, म्हणून चपला गडग्याबाहेर काढायच्या. गडगा म्हणजे वाडीभोवतीचं चिऱ्यांचं बुटकं कुंपण. शेवटचा नियम भरतीचा. अमावास्या-पौर्णिमेला नेहमीपेक्षा मोठी भरती येते, तिला उधाण म्हणतात. "आज पौर्णिमा आहे. बारा-साडेबाराला पाणी गडग्यापर्यंत येईल. तेव्हा कोणी पाण्यात उतरायचं नाही," एवढं सांगून मी थांबले. पुढचं एक वाक्य राहिलं. ते सांगावं लागेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

अकराला पोचलो. काकूंनी सगळ्यांना पोहे दिले आणि देवळात पौर्णिमेच्या आरतीला निघाल्या. "घर तुझ्या भरवशावर हो," म्हणाल्या. तेवढ्यात ड्रायव्हरचा फोन आला. गाडी वर स्टँडवर लावायला नेताना समोरून एसटी आली होती. तिथले रस्ते दीड गाडी रुंद. एसटी समोर आली की रिव्हर्स आपणच घ्यायचा, पण आमच्या ड्रायव्हरला ते अपमानाचं वाटत होतं. ते सोडवण्यात माझा पाऊण तास गेला.

त्या पाऊण तासात समुद्र वर आला.

हेंद्रेपाड्याची माणसं पाणी चढताना बघितलं की भूगोल विसरतात. त्यांच्याकडे पाणी उल्हास नदीतून येतं, सरळ तळमजल्यात शिरतं आणि मुक्काम ठोकतं. त्यामुळे त्यांचा क्रम पाठ आहे. आधी मीटरचा मेन स्विच, मग सिलिंडर, मग फ्रिज, इन्व्हर्टर, गाद्या, कागदपत्रं. कोणी कोणाला विचारत नाही. जाधवकाकांनी "पाणी चढतंय रे!" एवढंच म्हटलं, आणि सोळा पॅक्सनी काकूंचं घर माळ्यावर न्यायला घेतलं.

"अहो, ही भरती आहे!" मी किंचाळले.

"आम्हालाही आधी असंच सांगितलं होतं. काही होणार नाही म्हणून," जाधवकाका म्हणाले.

जाधवमावशी गादी छातीशी धरून उभ्या होत्या. "आमचं सगळं गेलं गं त्या वर्षीच्या पुरात. लग्नाचे फोटोसुद्धा. या बाईंचं डोळ्यांदेखत कसं जाऊ देऊ?"

मला राग आला होता, आणि वाईटही वाटत होतं.

तेवढ्यात सुलूकाकू आल्या. हातात प्रसादाची वाटी. त्यांनी रिकाम्या स्वयंपाकघराकडे पाहिलं, जिन्यातल्या फ्रिजकडे पाहिलं, मग माझ्याकडे. संपलं, मी मनात म्हटलं.

"काळजी करू नका वहिनी, सगळं सेफ आहे," जाधवकाका अभिमानाने म्हणाले.

काकूंनी समुद्राकडे बोट केलं. पाणी गडग्याला टेकून परत फिरलं होतं. "ते रोज दोनदा येतं हो!"

काकू तरातरा माळ्यावर गेल्या. त्यांचे देव टोपलीत, धुतलेल्या पंचावर नीट मांडलेले होते. शेजारी समई तेवत होती. कोणीतरी ती पेटती वर नेली होती, विझू न देता. काकूंनी वात जराशी पुढे सारली. खाली आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "आता होतं तसं लावा. आणि फ्रिजखाली आधी झाडून घ्या."

झाडताना त्यांच्या कपाटाची हरवलेली किल्ली सापडली.

गडबडीत एकच गोष्ट कोणी उचलली नव्हती. गडग्याबाहेर, माझ्याच नियमाने काढलेल्या सोळा जोड चपला उधाण घेऊन गेलं. किनाऱ्यावर आपलं काही सोडायचं नाही, हाही माझाच नियम. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला सगळे अनवाणी हिंडलो. एकोणीस चपला मिळाल्या, त्यांतल्या तीन आमच्या नव्हत्या, आणि लोकांनी टाकलेल्या बाटल्यांची दोन पोती भरली.

परतल्यावर शेठचा फोन आला. "मॅडम, सुलूकाकूचा फोन होता."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, दिवाळीच्या आधी हीच पार्टी पाठवा. दुसरी नको. तुम्ही तिथे केलं काय?"

माझ्या ब्रीफिंगमध्ये आता बारावा नियम आहे. समुद्र आपला आपण येतो आणि आपला आपण परत जातो. त्याला कोणीही मदत करू नये.