राव सरांची चुनखडीची लॅब

तीन माणसं रोज एका खोलीत दगड घासत बसली, की दगडांपेक्षा किस्सेच जास्त जमतात! चेन्नईतल्या आमच्या जिऑलॉजी लॅबचं तेच झालंय. आमचे गाइड राव सर तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातले. माझ्याशी बोलतात ती पणजोबांच्या काळातली मराठी, मधूनमधून तमिळची फोडणी. सेल्वी माझी आवडती सिनियर. आणि मी साताऱ्याची. विषय एकच: डायनोसॉरच्या काळात उथळ समुद्रात चुनखडी कशी साठली.

*

साताऱ्यात दगड म्हणजे काळाच. चुनखडी मी फक्त पुस्तकात वाचलेली. पहिल्याच दिवशी सरांनी पातळ ॲसिडची बाटली हातात दिली. चुनखडीवर थेंब टाकला आणि दगड चक्क फसफसला!

मग काय, मी सुटलेच. फरशी, कुंडी, खडू, खिडकीचा कठडा... शेवटी विभागप्रमुखांचं नवं कोरं टेबल. तेही मस्त फसफसलं आणि चकचकीत पांढऱ्या दगडावर कायमचा डाग पडला!

मी रडकुंडीला आले. सर शांतपणे प्रमुखांना म्हणाले, "अभिनंदन! दुकानदारानं फसवलं नाही. अस्सल संगमरवर आहे!"

*

सेल्वीनं एकदा आईला मायक्रोस्कोपखालचा फोटो दाखवला. गोल गोल पांढरे दाणे.

"जव्वरिसी!" आई म्हणाली. म्हणजे आपला साबुदाणा.

सेल्वीनं समजावलं, "अम्मा, कोमट उथळ पाण्यात शिंपल्याचा बारीक तुकडा लाटांबरोबर गडगडत राहतो. त्याच्यावर चुन्याचे थरावर थर चढतात आणि असा दाणा होतो."

"म्हणजे समुद्र ढवळत बसलाय?"

"हो."

"मग पायसमच की! गूळ तेवढा विसरला."

*

माझी रूममेट प्राजक्ता सिरुसेरीला आयटीत. एका रविवारी तीही आमच्याबरोबर बीचवर आली आणि तिनं सरांना विचारलं, "इथं का नाही होत चुनखडी?"

"पाणी कोमट, उथळ आणि नितळ पाहिजे," सर म्हणाले. "शिंपले, शेवाळ मरतं, त्यांच्या अंगचा चुना तळाशी बसतो. इथं नद्या गाळ आणून ओततात. तिथंच खेळ संपला."

"आणि एक थर व्हायला किती वेळ?"

"बोटभर थर व्हायला आपल्या कितीतरी पिढ्या जातात."

प्राजक्ता हबकली. "एवढा उशीर? मॅनेजर काही बोलत नाही?"

"समुद्राला मॅनेजर नसतो, पोरी. म्हणून तर काम नीट झालं!"

*

अरियलूरला फील्डवर होतो. आसपास नुसती तापलेली माळरानं. हातोडे टेकवून चहाला थांबलो, तर टपरीवरच्या पाटीअम्मांनी, म्हणजे आजींनी, विचारलं, "काय शोधताय एवढं? सोनं?"

सेल्वी तमिळमध्ये म्हणाली, "नाही पाटी, समुद्र."

आजींनी आमच्याकडे फार कळवळून पाहिलं. "चुकलात गं बायांनो! समुद्र पूर्वेला. समोरून बस मिळेल."

*

आणि सेल्वीचा व्हायव्हा! परीक्षकांनी तिचा थीसिस आधी एकदा परत पाठवलेला. पुन्हा नापसंत झाला असता तर इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. आई-वडील मागच्या रांगेत, आई रेशमी पट्टुसाडी नेसून, वडील फॅक्टरीतून रजा टाकून.

दिल्लीहून आलेल्या परीक्षकांनी नेमकं वर्मावर बोट ठेवलं. "तुमच्या दगडातला हा चुन्याचा चिखल खोल समुद्रातला कशावरून नाही?"

सेल्वी उभी. ओठ हलतायत, इंग्रजी शब्द एकही फुटत नाही. मागे तिच्या आईनं डोळे मिटून घेतले.

एकदम सेल्वी तमिळमध्ये सुटली. दगडाचा काप स्क्रीनवर लावला, बोटानं एकेक रेघ दाखवत बोलत राहिली. इतकं सुंदर ती कधीच बोलली नव्हती!

परीक्षकांना ओ की ठो कळेना. त्यांनी राव सरांकडे पाहिलं. सर भाषांतराला उठले. पण डोळे भरलेले, आणि तोंडातून निघाली ती थेट तंजावरची मराठी! "तें शेवाळ होय! शेवाळास ऊन पाहिजे. खोल पाण्यांत ऊन कैंचें?"

आता परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं.

मी उठले आणि इंग्रजीत सांगितलं, "सर, त्या रेघा शेवाळाच्या आहेत. शेवाळाला ऊन लागतं. म्हणजे पाणी उथळच होतं."

परीक्षकांनी स्क्रीनवरच्या त्या रेघा पुन्हा एकदा पाहिल्या. मग पेनाचं टोपण लावलं, उभे राहिले आणि सेल्वीपुढे हात करत म्हणाले,

"काँग्रॅच्युलेशन्स, डॉक्टर! तुम्हा तिघांनाही!"