निळं नख

निळीची पुडी घेऊन मी लोणावळ्याच्या बाजारातून दुपारच्या गाडीनं परत आलो. मळवलीला उतरलो, तर पुतण्या फलाटावर उभा. "आबा, घरी चला. घाई नका करू," म्हणाला. घाई नका करू म्हटला, तेव्हाच मला कळलं... सकाळी बायकोनं, यमुनानंच मला पिटाळलं होतं. अंगात ताप, पण आवाज खणखणीत. "दिराच्या पोराचं लगीन तोंडावर आलं आन् घरात नीळ न्हाई. जावा की!" मी गेलो. बायको गेली तेव्हा नवरा बाजारात होता. याला आता महिना झाला. मी दुसरीतून शाळा सोडलेला माणूस, लिहिणं माझं काम नव्हे. पण पोटी मूल नाही, तिच्याबद्दल दुसरं कोण लिहिणार?

जर्मनची पहिली लढाई सुरू व्हायच्या आधी आमचं लग्न झालं. माझ्या बहिणीच्या लग्नात हिनं आमच्या पुढच्या भिंतीवर गेरूचा हत्ती काढला. शिंदीची काडी ठेचून केलेला ब्रश, चुना, काजळी, नीळ, एवढंच सामान. हत्तीची नखं निळी. कुणी हसलं तर म्हणायची, "मावळात हत्ती कुणी बघितलाय? खोटं कोण पाडणार?" सगळी आळी बघायला आली होती. दिवाळीला मी घराला चुना दिला, त्यात हत्तीवरही हात फिरवला. लग्न झालं, हत्तीचं काम संपलं, असा माझा हिशेब. भाताचा भारा डोक्यावर घेऊन ती शेतातून आली, भिंतीकडं बघत उभी राहिली. तिसऱ्या दिवशी भाकरी वाढताना म्हणाली, "भाताच्या आवणीला चिखलात उतरीन, शेण काढीन, तुमी म्हणाल ते करीन. पण भिंत सोडणार न्हाई. मरंपत्तुर न्हाई."

"बाईमाणसानं शिडीवर चढायचं? लोक काय म्हणतील?"

"लोक खाली असत्यात. मी वर असते."

मी लय चिडलो होतो, खोटं का सांगू. पण कार्ला गावातून लग्नाची भिंत रंगवायचं बोलावणं आलं तेव्हा शिडी खांद्यावर घेऊन मीच गेलो, कारण दुसऱ्या कुणी धरलेली शिडी मला चालली नसती. मग पंचवीस-तीस वर्षं तेच. मी रेल्वेच्या गँगमध्ये रूळ उचलायचो. लगीनसराई आली की तिथली माणसं मला चिडवायची, "काय भाऊ, आज कुठल्या गावची शिडी?" मी शिव्या द्यायचो आणि रजा मागायचो. तिनं किती भिंती रंगवल्या, मोजल्या नाहीत. लोणावळ्यात एका बंगल्याचा व्हरांडा रंगवला, तेव्हा मालक म्हणाले, बाई, कागदावर काढा, मुंबईला लोक घेतील. ही म्हणाली, "कागद घडी घालून ठेवून द्येत्यात. भिंत कुटं ठेवतील?" परत येताना गाडीत मी म्हटलं, "येडी हायस." ती म्हणाली, "व्हय. शिडी नीट धरत जावा."

तिची एक रीत होती. हत्ती पुरा करायची, पण पुढच्या पायाचं एक नख कोरं ठेवायची. मग घरधनिणीला हाक मारायची, तिच्या हातात काडी द्यायची आणि ते नख तिच्याकडून रंगवून घ्यायची. रंग नखाबाहेर ओघळला, तरी पुसायची नाही. म्हणायची, "हिचा हात लागला, आता ही कुणाला चुना फिरवू देणार न्हाई." ही रीत कुठून आली ते मला एकट्यालाच ठाऊक. आमच्या भिंतीवरचा तो हत्ती ती विसरली नव्हती. मलाही दर घरी विचारायची, "तुमी बी एक रंगवा की." माझं उत्तर ठरलेलं. "माझं काम शिडी धरायचं."

पुतण्याच्या लग्नासाठी ती आमच्याच भिंतीवर हत्ती काढत होती. तो पुरा झाला, फक्त एक नख राहिलं... लग्न पुढं ढकललं. परवा धाकटी भावजय चुन्याची बादली घेऊन आली. "भावजी, गेलेल्या बाईच्या हातचं चित्र लग्नाला बरं न्हवं. पांढरं करून घेऊ." मी म्हटलं, "थांब." खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात ती पुडी तशीच होती. करवंटीत नीळ कालवली, तिची काडी घेतली आणि भिंतीपाशी उकिडवा बसलो. रूळ उचललेले हात माझे, पण ती वीतभर काडी आवरेना. नीळ नखाबाहेर गेली, पार पायाखाली ओघळली.

भावजय म्हणाली, "निळ्या चिखलात उभा केला की वो हत्ती!"

"मावळातला हाय. उभा राहील. तू बादली ने."

ती गेली. भिंत तशीच आहे, लग्न तिच्यासमोरच होईल. भिंतीला टेकवलेली शिडी मी काढलेली नाही. जाता-येता हात आपोआप तिच्या दांड्याला जातो, आणि मी जरा वेळ घट्ट धरून उभा राहतो.