चौसष्ट कार्डं आणि एक क्रियापद

अर्धी वाट सरली तरी दादाचं तोंड मिटेना आणि धाकटीचं उघडेना. तिच्या खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणि डब्यात चौसष्ट कार्डं. दुपारी बाराच्या आत तो डबा शब्दकोशाच्या कार्यालयात पोचायला हवा होता. नाही पोचला, तर जुन्या आवृत्तीत 'सेट' या इंग्रजी क्रियापदाला दिलेल्या साडेतीन ओळी नव्या आवृत्तीतही तशाच छापू, असं संपादकबाईंनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं. साडेतीन ओळी. आणि दादाने त्या एका शब्दापायी सात वर्षं घालून चौसष्ट अर्थ गोळा केले होते, एका कार्डावर एक.

"बसने आलो असतो तर एव्हाना तिथे चहासुद्धा पिऊन झाला असता," धाकटी शेवटी म्हणाली.

"आणि गर्दीत डबा सांडला म्हणजे?"

"सुतळी बांधलीय मी. चार फेरे."

"सुतळी सुटते, धाकटे. पाय सुटत नाहीत."

तिने मनात देवाचं नाव घेतलं आणि पिशवी दुसऱ्या खांद्यावर टाकली.

दादा मूळचा छापखान्यातला. तीस वर्षं अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवले. पुढे खिळे गेले, संगणक आले आणि दादा घरी आला. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे घर म्हणजे धाकट्या बहिणीचंच. तिचे यजमान गेल्यावर त्या दोन खोल्यांत ती, दादा आणि दादाची कार्डं, एवढाच संसार उरला. शब्दकोशवाल्यांना बारीक नजरेचा माणूस हवा होता, दादाला वेळ घालवायला काम हवं होतं. पण बाईंनी सोपं म्हणून दिलेला तीन इंग्रजी अक्षरांचा शब्द या माणसाने आयुष्याला बांधून घेतला.

कारण दादाचा एक नेम होता. जे काम डोळ्यांनी पाहिलं नाही, त्याचा अर्थ लिहायचा नाही. हाड बसवणे लिहायचं म्हणून तो हाडांच्या डॉक्टरांच्या दारात तीन दिवस बसला, तिसऱ्या दिवशी परिचारिकेने विचारलं, "आजोबा, तुमचं नक्की मोडलंय काय?" खडा बसवणे लिहायला सोनाराकडे गेला. सिमेंट घट्ट होणे लिहायला ओटा घालणाऱ्या गवंड्याच्या शेजारी उकिडवा बसून दर अर्ध्या तासाने बोट लावून पाहत राहिला. त्या ओट्यावर त्याच्या बोटाचे सात ठसे अजून आहेत आणि गवंडी अजून शिव्या घालतो. सूर्य मावळणे लिहायला महिनाभर गच्चीवर. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवणे लिहायला शेजारच्या गावात एकवीस दिवस. बाईंनी दिलेली पहिली मुदत त्या कोंबडीखालीच गेली.

"पण गंमत बघ," दादा चालता चालता सांगत होता, ऐकणाऱ्याला हौस आहे की नाही याची पर्वा न करता. "मूळ अर्थ एकच. बसणे, त्याचं बसवणे. जुन्या इंग्रजीतही हेच. आधी माणसाला जागेवर बसवलं, मग सूर्य खाली गेला, मग अंगठीत खडा आला, मग आमचे खिळे. मुरंबा घट्ट व्हायला तर कितीतरी वर्षं लागली. आणि कपबशांचा सेट म्हणतात ना, तो निराळाच, लॅटिन घरातून आलेला पाहुणा, इथे येऊन घरचा झाला. सगळं वयाच्या क्रमाने लावलंय मी. सर्वांत म्हातारा अर्थ वर. या कामात क्रम हाच जीव आहे."

काल संध्याकाळी त्याने हेच सांगितलं होतं आणि रात्री धाकटीने आपलं ताट तसंच झाकून ठेवलं होतं. मागच्या आठवड्यात दादा तापाने पडला होता. तिने टेबल पुसलं, कार्डं पुसली आणि कुणालाही पटकन सापडावीत म्हणून शाळेत शिकवल्याप्रमाणे नीट अक्षरानुक्रमे लावून ठेवली. अंड्यांवर बसवणे सगळ्यांत वर, हाड बसवणे सगळ्यांत खाली.

चौकात ती थांबली. "दादा, कार्डांचा क्रम मी बदललाय."

"म्हणजे?"

"म्हणजे अ पासून ह पर्यंत."

दादा बंद दुकानाच्या पायरीवर बसला. "कोंबडी सूर्याच्या आधी?"

"मला काय माहीत कोंबडीचं वय? तू आकडे का नाही घातलेस कार्डांवर? सात वर्षांत एक पेन्सिल सापडली नाही तुला?"

"खिळ्यांवर कुणी आकडे घालतं? हाताला माहीत असतं."

"मग आता विचार हाताला," ती म्हणाली आणि सुतळी सोडायला बसली. चारही फेऱ्यांना गाठी तिनेच मारलेल्या. एकेक सोडताना तिने स्वतःलाही दोन शब्द ऐकवले. दादा कार्ड घेई, डोळ्यांजवळ नेई, जागा सांगे. ती पेन्सिलीने कोपऱ्यात आकडा घाली. येणारेजाणारे वळून पाहत होते. हात खरंच भराभर चालला. वीस झाली, चाळीस झाली, त्रेपन्न झाली.

मग हात थांबला. अकरा कार्डं मांडीवर राहिली. दादाने ती उलटसुलट केली, पुन्हा पहिल्यापासून पाहिली.

"सापळा लावणे," ती म्हणाली. "हा टेबल मांडण्याच्या आधी की नंतर?"

"थांब."

"दादा, बारा वाजायला वीस मिनिटं आहेत. कुठे टिपून ठेवलंयस का?"

"ग्रंथ वाचनालयाचे होते. दोन वर्षांपूर्वीच परत केले." तो कार्डाकडे पाहत राहिला. अक्षर त्याचंच होतं. "हे मी लिहिलंय ना?"

धाकटीला रागाने बोलायचं होतं, वाक्य तोंडापर्यंत आलंही होतं. दादाचा अंगठा त्या कार्डाच्या कडेवरून पुन्हा पुन्हा फिरताना पाहिला आणि तिने ते गिळलं.

"ताप आला होता ना तुला," ती म्हणाली. "अशक्तपणाने होतं असं."

"तापाच्या आधीपासून होतंय."

समोरच्या गल्लीच्या टोकाला कार्यालयाची पाटी दिसत होती. दादाने अकराही कार्डं एकत्र करून तिच्या हातात दिली.

"धाकटे, ही तुझ्या क्रमाने शेवटी लाव. अ पासून ह. आणि बाईंनी विचारलं, तर हा क्रम मीच ठरवला म्हणून सांग. मला आठवलं नाही, एवढं मात्र त्यांना सांगू नकोस."