साडूभाऊंचा स्कॅन

आमच्या साडूभाऊंइतका अस्वस्थ माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडणार नाही. लातुरात क्लासेसचं पीक आलं तेव्हापासून ते फिजिक्स शिकवतात, तेही चालत चालत. फळ्यापासून निघाले की शेवटच्या बाकापर्यंत, तिथून दारात, रंगात आले तर थेट जिन्यात. पोरं माना फिरवून फिरवून डॉक्टर झाली. चाकूरच्या एका लग्नात नवरदेव बोहल्यावर चढेपर्यंत यांच्या मांडवाला कितीतरी प्रदक्षिणा झाल्या होत्या. नांदेडला माझ्याकडे येताना एसटीत सीट रिकामी असली तरी दांडा धरून उभे. कंडक्टरनं हटकलं तर म्हणाले, "तुम्ही बसा ना, मी हाय की!" भूकंपात त्यांचं गाव गेलं तेव्हापासून हे असं, एवढंच माझी मेहुणी, म्हणजे आमची अक्का, सांगायची. लग्न नंतरचं, तिलाही जास्त ठाऊक नव्हतं.

एकदा शिकवतानाच त्यांची जीभ अडखळली, हातातला खडू गळला. थोड्या वेळात सगळं ठीक झालं, पण डॉक्टरांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा एमआरआय सांगितला. किडन्या नाजूक, म्हणून रंगाचं इंजेक्शन नको. नांदेडला जुनं मशीन मिळालं. बराच वेळ निश्चल पडायचं होतं. आतली ठकठक सुरू झाली आणि साडूभाऊ घामेघूम होऊन बाहेर. "जमीन हलून राहिली!" चित्रं सगळी फिसकटलेली.

पुढचे दिवस वाईट गेले. ते बोलताना जरा थांबले तरी अक्का स्वयंपाकघरातून धावत यायची. अखेर लातुरातच नव्या पद्धतीचा स्कॅन सुरू झाल्याचं कळलं. इंजेक्शन नाही, वेळही अगदी थोडा. "सर, आम्ही थोडकीच मापं घेतो, बाकीचं कॉम्प्युटर जुळवतो," तिथल्या बाई म्हणाल्या. झालं! सर पेटले. "अन् बिनरंगाचं रक्त दिसतं कसं, सांगा बरं?" बाईंनी तोंड उघडण्याआधी त्यांनीच बाकावरच्या पेशंटांचा क्लास घेतला. "जागेवरचं मांस लहरींचा मार खाऊन गप होतं. रक्त वाहून राहिलं, ताजं येतं, म्हणून चमकतं. थांबला तो विझला!" एक आजोबा टाळी वाजवणार, तेवढ्यात यांचा नंबर आला.

आत जाताना मात्र चेहरा उतरला. अक्कानं दागिने माझ्या हातात दिले आणि त्यांचा पाय धरून आत उभी राहिली. बाहेर येरझाऱ्या मीच घातल्या. ते हलले नाहीत. चित्रं स्वच्छ आली. एक वाहिनी अरुंद झाली होती, पण गोळ्यांवर भागणार होतं.

समोरच्या टपरीवर मी विचारलं, "जमलं कसं हो?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "त्या पहाटे मातीखाली आई शेजारीच होती. हललो की वरनं माती यायची. म्हणाली, हलू नको बाळा, गप पड. मी पडलो. मला काढलं लोकांनी. तिला न्हाई. आज आत तिचाच आवाज धरून पडलो."

चहा निवत होता. घरात अक्काच्या सासूबाईंचा एकही फोटो नव्हता. सगळं त्या मातीतच गेलं होतं.

"कशा दिसायच्या हो आई?" अक्कानं हळूच विचारलं.

साडूभाऊ सांगू लागले. उंच होती, कपाळावर हे एवढं गोंदण, हसली की तोंडावर पदर घ्यायची. क्लासची वेळ टळून गेली, तरी ते सांगतच राहिले.