डाव्या हाताचं बोट

सरांनी माझ्या आईच्या डोळ्यांवर रुमाल बांधला तेव्हा सभागृहात लोक हसले.

पालघरच्या एका महाविद्यालयात सरांचा सत्कार होता. सर मेंदूशास्त्रज्ञ. बोटाला झालेला स्पर्श मेंदूत कसा उमटतो, या एका प्रश्नावर त्यांचं आयुष्य गेलं. त्यांचे शोधनिबंध जगभर वाचले जातात. त्यांचे विद्यार्थी परदेशात प्रयोगशाळा चालवतात. मी चार वर्षं त्यांची संशोधन सहायक. पीएचडीला मला घ्यायचं की नाही, हेही तेच ठरवणार होते. आई सातपाटीला मासळी विकते.

टेबलावर दोन पापलेटं होती. एक आजचं, एक तीन दिवस बर्फातलं. ती आणायचं काम माझं. थर्माकोलचा खोका घेऊन मला मागच्या दाराने यायला सांगितलं होतं, कारण पुढच्या दाराशी पाहुणे होते.

आईने डाव्या हाताचं बोट एका माशावर टेकवलं. मग दुसऱ्यावर.

"ह्यो आजचा. त्यो नको घेव, शिळा हाय."

टाळ्या. सर माइकवर म्हणाले, "शाळेची पायरी न चढलेला मेंदू. पण काय यंत्र आहे, पाहा!" मग म्हणाले, "सगळे उजवा हात तपासत होते. एक दिवस मला सुचलं, डावा का नको?"

त्यांनी आईच्या डोळ्यांवरचा रुमाल सोडला आणि तिचा कोरडा उजवा हात धरून उंच केला. फोटो निघाले. हात सोडल्यावर त्यांनी स्वतःची बोटं कागदी रुमालाने पुसली आणि तो माझ्या हातात दिला.

मी घेतला. मला काहीच वाटलं नाही. राग आला नाही, रडू आलं नाही.

डावा हात त्यांना सुचला नव्हता. बर्फात काम करून कोळणींच्या बोटांची जाण मरते, असं त्यांचं मत होतं. ते सकाळी भर बाजारात चाचणी घ्यायचे. डोळे मिटायला सांगायचे, उजव्या हाताच्या बोटावर कंपासची टोकं टेकवायचे आणि विचारायचे, टोक एक की दोन? बायांची उत्तरं चुकायची. सर खूश व्हायचे. मी म्हटलं, "सर, उजव्या हातात कोयता असतो. मासा आम्ही डाव्या हाताने चाचपतो. आणि या बाया आत्ता बर्फातून हात काढून आल्यात. दुपारी या. हात ऊबदार झाले की डावा तपासा."

"तू फॉर्म भर," ते म्हणाले.

दोन महिन्यांनी ते दुपारी आले. डावा हात तपासला. आमच्या बायांचं ते बोट कुणाही शहरी माणसापेक्षा तल्लख निघालं. तो त्यांचा सगळ्यात गाजलेला निबंध. त्यात शेवटी आभार आहेत, 'मच्छीमार महिला व स्थानिक मदतनीस' यांचे. स्थानिक मदतनीस म्हणजे मी. मी एमएस्सी आहे. एकदा विचारलं, माझं नाव का नाही?

"लेखक व्हायला विचार लागतो. तू माणसं आणलीस."

तेव्हाही मला काही वाटलं नव्हतं. आमची बोटं ही त्यांची माहिती, आमचं शहाणपण हा त्यांचा शोध. आम्ही स्थानिक. हे मला इतकं सवयीचं झालं होतं.

सत्कारानंतर रिक्षाने घरी येताना आईने आपला हात उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाली, "तेनी हात का पुसला गं? मी तं दोनदा साबन लावून आलती."



दुसऱ्या दिवशी सरांचा फोन. नवा प्रकल्प. बायांना मुंबईला नेऊन यंत्रात झोपवून मेंदूचे फोटो काढायचे. "वीस बायका दे. आईपासून सुरुवात कर. सह्या घेऊन ठेव."

संमतीपत्राचं मराठी मीच केलं होतं. त्यात एक ओळ आहे. कोणतंही कारण न देता, केव्हाही, या अभ्यासातून बाहेर पडता येईल. चार वर्षांत ती ओळ मी एकाही बाईला वाचून दाखवली नव्हती. कुणी विचारलं, काय लिवलंय गं, तर मी म्हणायची, काय नाय मावशी, सही कर. हे सरांनी नाही केलं. मी केलं.

बाया बोंबील वाळत घालत होत्या तिथे गेले आणि पूर्ण कागद मोठ्याने वाचला.

शेजारची मावशी म्हणाली, "चार वरसांनी वाचतेस व्हय? तुलाच आता वाचाया आला का?"

सगळ्या हसल्या. मी मान खाली घातली.

"आदी का नाय वाचलास?"

"मला पीएचडी पाहिजे होती."

"आनि आता?"

"आता नाय."

आई बोंबील लावतच म्हणाली, "माझा कागद परत आन." मग मावशी म्हणाली, माझा पन. मग बाकीच्या.

संध्याकाळी मी सरांना फोन केला. सांगितलं, एकही सही नाही, आणि जुन्या अभ्यासातूनही बाया बाहेर पडल्यात.

"तुझं या क्षेत्रात काही होणार नाही," ते म्हणाले. आवाज शांत होता. माझाही होता.

"डावा हात तपासा, हे मी सांगितलं होतं, सर. ते मी लिहिणार आहे. माझ्या नावाने."

त्यांनी फोन ठेवला. मी लिहायला बसले. हे तेच लिखाण आहे. मला कुठे घेणार नाहीत, माहीत आहे. पण यापुढे सातपाटीत कुणीही चाचणी घ्यायला आला, तर आधी बायांमध्ये जमिनीवर बसेल, आपला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचेल, आणि त्या नाही म्हणाल्या तर उठून जाईल. तो उठेपर्यंत मी तिथून हलणार नाही.